माळवस्तीच्या अठरा खेपा

सकाळी साडेसहाला आमोस वैरागरचा फोन वाजला तेव्हा तो सावेडीतल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत दात घासत उभा होता. फोन कुणाचा असणार हे त्याला न बघताच कळलं. गेला आठवडाभर तो रोज याच वेळेला वाजत होता. पलीकडे कारभारी गोपाळघरे होता. हा जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या बाजूला, जिथे पाण्याचे टँकर भरले जातात त्या विहिरीवरचा ऑपरेटर. विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, तो याच्या ताब्यात. त्याने सांगितलं, की ॲप परत अडकलंय, सात टँकर भरून उभे आहेत आणि एकाचीही खेप उघडत नाही.

"बघतो," आमोस म्हणाला आणि चूळ भरायला आत गेला.

क्रिस्टीना, त्याची बायको, डबा भरत होती. ती एका दवाखान्यात नर्स होती आणि सकाळच्या पाळीला निघायच्या गडबडीत होती. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि न विचारताच दुसरा चहा गॅसवर ठेवला.

आमोस सत्तेचाळीस वर्षांचा होता. वडील नेवाशाकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. पोराने डिप्लोमा केला, पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा नगरला परत आला. आई चार वर्षांनी गेली, पण परत पुण्याला जायचं वय आणि उमेद तोवर सरली होती. मग तो सावेडीतच रविराज नावाच्या एका तरुण माणसाच्या छोट्या कंपनीत लागला. फरशीच्या दुकानावरच्या तीन खोल्या, पाच माणसं, आणि हाताला येईल ते काम. कधी शाळेचं, कधी मंगल कार्यालयाचं, कधी बी-बियाण्याच्या दुकानाचं. रविराज त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता, पण त्याला 'सर' म्हणायचा. आमोसची पाठ दुखायची, चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलायचा, आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना त्याचे डोळे मिटायचे. क्रिस्टीना कोपराने ढोसायची.

टँकरचं ॲप त्यानेच दोन वर्षांपूर्वी बनवलेलं होतं. तीन तालुक्यांत पाणी पोचवायचं कंत्राट घेतलेल्या एका माणसासाठी. काम साधं होतं. टँकर भरला की ड्रायव्हरने मोबाईलवर खेप उघडायची, वस्तीवर पोचून पाणी टाकीत सोडलं की 'पाणी उतरवलं' हे बटण दाबून ती बंद करायची. मोबाईल त्या वस्तीच्या जवळ असेल तरच बटण चालायचं. आणि कुणी, कधी, कुठल्या मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून काय केलं, याची एकेक ओळ आपोआप डेटाबेसमध्ये लिहिली जायची. या ओळींना ऑफिसात सगळे लॉग म्हणत. तो लॉग कंत्राटदाराने मागितलेला नव्हता. आमोसने आपणहून घातला होता.

पहिल्या वर्षी बारा टँकर होते तेव्हा काहीच अडलं नाही. यंदा चौऱ्याण्णव झाले. शिवाय ठिकठिकाणच्या ऑफिसांत ॲपचे पडदे दिवसभर उघडे असायचे आणि दर दहा सेकंदांनी आपोआप ताजे व्हायचे. तसा पडदा ताजा झाला की त्याचीही एक ओळ. नुसत्या बघण्याच्या ओळींनीच लॉग अडीच कोटींच्या वर गेला होता. ड्रायव्हरने बटण दाबलं की ॲप आधी ती ओळ लिहायला जायचं, आणि ओळ लिहून होईपर्यंत ड्रायव्हरला उत्तरच द्यायचं नाही. सकाळी सगळे एकदम दाबू लागले की मागे रांग लागायची. ड्रायव्हर उन्हात फोन धरून उभा, त्याच्यामागे भरलेला टँकर उभा, आणि चाळीस किलोमीटरवर बायका हंडे घेऊन उभ्या.

त्या दिवशी ऑफिसात रविराजने सरळ सांगितलं, की लॉग बंद करून टाका. कंत्राटदाराचे त्याला दिवसातून चार फोन येत होते.

"कुणी कधी उघडून बघितलाय का सर तो लॉग? जुनं सगळं पुसून टाका आणि नवीन लिहिणं बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे."

ते खरंच पाच मिनिटांचं काम होतं. आमोसने एक आठवडा मागितला. रविराजने चार दिवस दिले.

तो का अडला, हे रविराजला माहीत होतं, पण त्याने तो विषय काढला नाही. तीन वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेचं प्रवेशाचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे निकिता नावाची मुलगी फॉर्म भरून घ्यायला होती. एके दिवशी तेवीस फॉर्म गायब झाले. कुणी पुसले, कसे पुसले, कळायला काही मार्गच नव्हता, कारण लॉग म्हणून काही ठेवलेलंच नव्हतं. संस्थेने निकिताला काढून टाकलं. चार महिन्यांनी दुसरंच काहीतरी दुरुस्त करताना आमोसला सापडलं, की दोघांनी एकाच क्षणी फॉर्म जतन केला तर त्यातला एक नाहीसा होतो. चूक त्याच्या हातची होती. त्याने संस्थेला पत्र लिहिलं, निकिताला फोन केला. ती तोपर्यंत चाकणला एका कारखान्यात लागली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता काय करायचं सर त्याचं." त्यानंतर त्याने लॉगशिवाय एकही काम हातावेगळं केलं नव्हतं.

चार दिवस तो खुर्चीतून हलला नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्या दिवशी त्याने नुसतं वाचलं. कुठल्या ओळी कामाच्या आणि कुठल्या नुसत्या भरताड, हे वेगळं केलं. पडदा आपोआप ताजा झाल्याची ओळ लिहायची काहीच गरज नव्हती. ती त्याने बंद केली आणि लिहिण्याचं तीन चतुर्थांश ओझं तिथेच उतरलं. मग उरलेल्या ओळी डेटाबेसमध्ये एकेक न नेता त्या आधी सर्व्हरवरच्या एका साध्या फाईलच्या शेवटी चिकटवायच्या असं केलं. त्याला वेळ असा लागतच नाही. ड्रायव्हरला उत्तर लगेच जायचं, आणि मागे एक वेगळा छोटा प्रोग्राम दर पाच सेकंदांनी त्या फाईलमधल्या ओळी पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्याने डेटाबेसमध्ये नेऊन टाकायचा. ओळी नुसत्या सर्व्हरच्या स्मरणात साठवल्या असत्या तर अजून सोपं गेलं असतं. पण वीज गेली की त्या गेल्या. खर्ड्याच्या विहिरीवर लाईट किती वेळा जाते हे त्याने कारभारीच्या तोंडून ऐकलं होतं आणि आपल्या सर्व्हरवरही त्याचा फार भरवसा नव्हता. म्हणून फाईल.

तिसऱ्या दिवशी त्याने लॉगचे महिन्यावार भाग पाडले. चालू महिन्याचा भाग लहान, म्हणून त्यात लिहिणं झटपट. जुने महिने त्याने पुसले नाहीत, उचलून वेगळ्या डिस्कवर ठेवले. शोधायला सोपं जावं म्हणून हौसेने केलेल्या सात सूच्यांपैकी पाच काढून टाकल्या, कारण प्रत्येक ओळीबरोबर त्या सातही नव्याने लिहाव्या लागत होत्या. चौथ्या दिवशी, सतरा एप्रिलला, सकाळी साडेसहाला फोन वाजला नाही. आमोस बाल्कनीत फोन हातात घेऊन थोडा वेळ थांबला, मग आत येऊन पलंगावर आडवा झाला आणि साडेनऊपर्यंत झोपला.

रविराजने कौतुक केलं, पेढे मागवले. आमोसला आनंद झाला की नाही हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. डोळ्यांची आग तेवढी कमी झाली होती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते प्रकरण उभं राहिलं. खर्ड्याच्या पलीकडे माळवस्ती नावाची पस्तीस-चाळीस घरांची वस्ती आहे. तिथल्या दगडाबाई नावाच्या एक बाई पंधरा-वीस बायकांना घेऊन कंत्राटदाराच्या जामखेडच्या ऑफिसात गेल्या आणि रिकामे हंडे दारात मांडून बसल्या. त्यांचं म्हणणं, नऊ दिवसांत टँकर आलेला नाही. ऑफिसातल्या माणसाने ॲप उघडून दाखवलं. नऊ दिवसांत अठरा खेपा, रोज दोन, सगळ्यांपुढे 'पाणी उतरवलं'. बायका हलल्या नाहीत. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं, ते फिरलं, आणि वरच्या सरकारी ऑफिसातून कंत्राटदाराला खुलासा मागण्यात आला. कंत्राटदाराने रविराजला फोन केला, आणि रविराज आमोसच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सर, तो तुमचा लॉग काढा बरं."

दोन मिनिटांत निघालं. अठराच्या अठरा खेपांचं बटण ड्रायव्हरच्या मोबाईलवरून दाबलेलंच नव्हतं. ते विहिरीवरच्या कॉम्प्युटरवरून, कारभारी गोपाळघरेच्या नावाने, रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका दमात दाबलं गेलं होतं. कॉम्प्युटरला मोबाईलसारखी जागेची अट नव्हती. ड्रायव्हरचा फोन बिघडला तर अडायला नको म्हणून ती सोय आमोसनेच ठेवली होती. टँकरला बसवलेलं जागा दाखवणारं यंत्र टँकर माळवस्तीच्या फाट्यापर्यंत गेल्याचं दाखवत होतं, पण फाट्यापासून वस्ती दीड किलोमीटर आत होती.

रविराज खूश झाला. माणूस सापडला होता. तो म्हणाला, हा कागद आत्ताच कंत्राटदाराला पाठवून देऊ, आपलं नाव होईल. आमोसने स्क्रीनवरचं नाव परत एकदा वाचलं आणि म्हणाला, "उद्यापर्यंत थांब. मला अजून बघायचंय." रविराजने कागद थांबवला, पण नाव कंत्राटदाराला फोनवर सांगून टाकलं.

त्याने वेगळ्या डिस्कवर ठेवलेला एप्रिलचा लॉग उघडला आणि दुपारभर मागे मागे जात राहिला. पाच एप्रिलपर्यंत कारभारीच्या नावाने एकही खेप बंद झालेली नव्हती. सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाईलवरून. सहा तारखेला मात्र माळवस्तीच्या ड्रायव्हरने बटण अकरा वेळा दाबलेलं होतं आणि अकराही वेळा ओळ लिहून होईपर्यंत उत्तराची वेळ संपली होती. दुसऱ्या टँकरचंही तेच. त्या संध्याकाळी कारभारीने पहिल्यांदा सगळ्या खेपा कॉम्प्युटरवरून बंद केल्या. सात तारखेला परत. आठला परत. सतरा तारखेला ॲप सुधारलं, पण कारभारीचं संध्याकाळचं बटण दाबणं थांबलं नव्हतं.

आमोसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. लॉगमध्ये जे होतं ते सगळं त्याने वाचलं होतं. कुणी का दाबलं हे त्यात असायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने जामखेडला गेला, तिथून दुसऱ्या गाडीने खर्ड्याला. आष्टीच्या पुढे गाडीत एवढं गरम झालं की खिडकीच्या दांड्याला हात लागवेना. खर्ड्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. आमोसने आधी फोन केला होता, म्हणून कारभारी मोटारसायकल घेऊन उभा होता. तीस-बत्तीस वर्षांचा, बारीक, दाढी वाढलेला. एवढे दिवस नुसता आवाज ऐकलेला माणूस समोर बघून दोघेही जरा अवघडले.

विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसून कारभारीने सांगितलं. एप्रिलमध्ये ॲप अडकायला लागलं, तेव्हा कंत्राटदाराच्या सुपरवायझरने ड्रायव्हरांना सांगितलं, की बटणाच्या नादी लागू नका, खेप झाली की कारभारीला चिठ्ठी द्या. आणि कारभारीला सांगितलं, संध्याकाळी चिठ्ठ्या बघून सगळं मारून टाक. नंतर ॲप चालू झालं, पण थांबव असं कुणी सांगितलं नाही. ड्रायव्हरांनाही तेच सोयीचं होतं. त्याने टेबलाच्या खणातून चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं. रबर लावून, तारीखवार ठेवलेलं. माळवस्तीच्या अठराही चिठ्ठ्या त्यात होत्या, एकाच ड्रायव्हरच्या अक्षरातल्या.

"साहेब, मी चिठ्ठीवर इस्वास ठिवला," कारभारी म्हणाला. "वस्तीवर जाऊन बघायला मी हितून हलू कसा? इंजन कोन बघनार? मला सकाळी फोन आला, उद्यापास्नं यिऊ नको म्हनून. पोरगी दहावीला हाय माझ्या थोरल्या भावाची, ती म्हनती, नाना, तुमचं नाव मोबाईलमदी आलंय."

आमोसने चिठ्ठ्यांचे फोटो काढून घेतले. मग एका ड्रायव्हरला इंजिनाजवळ बसवून दोघे मोटारसायकलवर माळवस्तीला गेले. फाट्याच्या अलीकडे एक वीटभट्टी होती. तिच्या कडेचा सिमेंटचा हौद काठोकाठ भरलेला होता, आणि आसपास कुठे विहीर, बोअर काही दिसत नव्हतं. कारभारीने गाडी हळू केली, हौदाकडे बघितलं, आणि पुढे काढली.

दगडाबाई साठीच्या होत्या. काळ्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. वस्तीच्या मधोमध प्लॅस्टिकची मोठी टाकी होती, तिच्या तळाशी वाळलेलं शेवाळ धरलेलं. त्यांनी आमोसला सावलीला बसवलं आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. ते पाणी कुठून आणलं असेल हे मनात येऊन आमोसचा हात अडखळला. त्यांनी ते ओळखलं.

"प्या. येक तांब्यानं काय हुतंय." मग कारभारीकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "ह्यानं पानी पळीवलं असं मी कुटंच म्हनले न्हाई. मी म्हनले, आमाला पानी आलं न्हाई. तुमच्या मोबाईलमदी आलं असंल. आमी मोबाईल पितो व्हय?"

आमोसने विचारलं, "मावशी, टँकर फाट्याला येऊन थांबलेला कुणी बघितलाय का?"

बघितलेला होता. शेरडं राखणाऱ्या एकाने दोनदा बघितला होता, भट्टीच्या हौदाला पाईप लावलेला. त्याने सांगितलंही होतं. पण ऑफिसात खेपांचा आकडा दाखवत होते, त्यापुढे शेरडं राखणाऱ्याचं कोण ऐकणार, म्हणून दगडाबाईंनी ते तिथे बोलूनच दाखवलं नव्हतं.

परतीच्या एसटीत आमोसला जागा मिळाली नाही. जामखेडपासून कड्यापर्यंत तो उभाच होता. घरी पोचल्यावर जेवला आणि क्रिस्टीनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जे बघितलं ते लिहा. बाकीचं तुमच्या हातात नाही."

सकाळी ऑफिसात जाऊन त्याने दोन पानांचा कागद लिहिला. अठरा खेपा कुठून, कुणाच्या नावाने, किती वाजता बंद झाल्या, ते जसंच्या तसं. त्या कुणाच्या सांगण्यावरून आणि कुठल्या चिठ्ठ्यांवरून बंद झाल्या, तेही. पुढे त्याने लिहिलं, की सहा ते सोळा एप्रिल हे अकरा दिवस ॲप आमच्या चुकीच्या बांधणीमुळे अडकत होतं, ड्रायव्हरांनी बटणं दाबली पण ॲपने ती घेतली नाहीत, आणि ही चिठ्ठीची पद्धत त्यामुळेच सुरू झाली. नादुरुस्त दिवसांतल्या फसलेल्या प्रयत्नांची यादी त्याने जोडली. वीटभट्टीच्या हौदाचं आणि शेरडं राखणाऱ्याचंही लिहिलं. खाली सही केली.

रविराजने कागद वाचला आणि दार लावून घेतलं.

"सर, हे आपण आपल्याविरुद्धच लिहून देतोय. पहिलं पान ठेवा, दुसरं काढा. त्या कारभारीला दुसरीकडे लावून देईन मी."

"दोन्ही पानं जातील," आमोस म्हणाला. "नाहीतर माझ्या नावाने लॉग काढून देऊ नकोस."

रविराज वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर चार माणसांचं घर चालत होतं, आणि पावसाळ्यानंतर याच कंत्राटदाराचं मोठं काम यायचं होतं. शेवटी त्याने कागद त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाला, तुम्हीच पाठवा, मी बघितला नाही. आमोसने पाठवला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. वीटभट्टीवर चौकशीला माणसं गेली, त्या चिठ्ठ्या देणाऱ्या ड्रायव्हरला काढलं. माळवस्तीला तिसऱ्या दिवशी टँकर आला. कारभारीला कामावर घेतलं, पण त्या विहिरीवर नाही. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, घरापासून तीस किलोमीटरवर. त्याने फोन करून सांगितलं, आभार मानले, आणि मोटारसायकलचं पेट्रोल परवडत नाही हेही सांगितलं. सुपरवायझरला कुणी काही विचारलं नाही. कॉम्प्युटरवरून खेप बंद करायची असेल तर कारण लिहावं लागेल आणि वस्तीतल्या एका माणसाच्या फोनवर आलेला आकडा घालावा लागेल, अशी सुधारणा आमोसने दोन दिवसांत करून दिली. माळवस्तीसाठी तो आकडा दगडाबाईंच्या सुनेच्या, अश्विनीच्या, फोनवर जाऊ लागला.

जून संपला, टँकर बंद झाले. कंत्राटदाराने पावसाळ्यानंतरचं काम पुण्याच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीला दिलं. रविराजने हे सांगितलं तेव्हा तो रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. पाचातल्या एकाला काढावं लागणार होतं. तो आमोस नव्हता. सगळ्यात शेवटी लागलेला पार्थ होता. आमोसने त्याच्यासाठी पुण्यातल्या जुन्या ओळखीच्या दोघांना फोन केले. एकाने बघतो म्हटलं. दुसऱ्याने उचलला नाही.

पार्थ टेबल आवरत होता तेव्हा आमोस त्याच्याजवळ जाऊन बसला. पार्थनेच विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं ना, असं होणार?"

"अंदाज होता," आमोस म्हणाला.

पार्थने मान डोलावली आणि चार्जरची वायर गुंडाळत राहिला. मग त्याने विचारलं, की ते फाईलमधून गठ्ठ्याने ओळी नेणारं लिखाण तो स्वतःजवळ ठेवू शकतो का, नव्या ठिकाणी दाखवायला. आमोसने ते त्याला पाठवून दिलं, आणि कुठल्या ओळीत काय केलंय, का केलंय, हे त्याच्याशेजारी बसून सांगायला लागला. बाहेर फरशीच्या दुकानात टेम्पो खाली होत होता आणि त्या आवाजात त्याला दोनदा तेच तेच सांगावं लागलं.